मोबाइलची बॅटरी म्हातारी का होते? बल्बवाल्या एडिसनने या एका प्रश्नासाठी दहा वर्षं घातली होती

सकाळी कल्याणहून निघताना फोन शंभर टक्के. डोंबिवलीला कसाबसा आत शिरलेल्या माणसाचाही शंभर, कारण दोघांनीही रात्रभर चार्जिंगला लावलेला असतो. चार रील, ऑफिसचा एक कॉल, मध्येच रेंज जाऊन पुन्हा येणं, आणि ठाणं येईपर्यंत आकडा ऐंशीच्या खाली. संध्याकाळी परतीच्या गाडीत टीसी समोर उभा राहतो तेव्हा तिकीट ज्या फोनमध्ये आहे तो दोन टक्क्यांवर असतो. दोन वर्षांपूर्वी हाच फोन रात्री घरी पोहोचल्यावरही चाळीस टक्के दाखवायचा.

मग माणूस डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेरच्या, नाहीतर ठाण्यात गोखले रोडवरच्या एखाद्या मोबाइलच्या दुकानात जातो. दुकानदार सेटिंग्ज उघडून बॅटरी हेल्थ दाखवतो. ७८ टक्के. बदलावी लागेल, असं म्हणतो. गिऱ्हाईकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो. फोन पडला नाही, पाण्यात भिजला नाही, चार्जरही तोच आहे. मग बॅटरीला झालं काय?

या प्रश्नामागे एक माणूस दहा वर्षं हात धुऊन लागला होता. नाव सगळ्यांना पाठ आहे, पण वेगळ्याच कामासाठी. थॉमस अल्वा एडिसन.

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड दर सहा महिन्यांनी फिरतो. एडिसन बल्ब बनवताना दहा हजार वेळा फसला, तरी तो म्हणाला की मी हरलो नाही, मला न चालणारे दहा हजार मार्ग सापडले. या गोष्टीचं मूळ शोधलं तर ते बल्बमध्ये नाही, बॅटरीत सापडतं. १९१० मध्ये, एडिसन जिवंत असतानाच, फ्रँक डायर आणि थॉमस मार्टिन यांनी त्याचं चरित्र लिहिलं. त्यात वॉल्टर मॅलरी या त्याच्या जुन्या सहकाऱ्याची आठवण आहे. बॅटरीवर नऊ हजारांहून जास्त प्रयोग होऊनही हाती काही लागलं नाही म्हणून मॅलरीने हळहळ व्यक्त केली. त्यावर एडिसनने हसत सांगितलं की हाती बरंच काही लागलंय, कारण काय चालत नाही याची हजारो उत्तरं आता त्याच्याकडे आहेत. फॉरवर्ड करणाऱ्यांनी पुढे बॅटरी काढली आणि बल्ब बसवला. बल्ब स्टेटसला जास्त शोभतो, इतकंच.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. सात भावंडांत सगळ्यात धाकटा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ ला, तेव्हा हा पोरगा सहा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी घरचे मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला राहायला गेले. शाळेत तो काही महिनेच टिकला. मास्तरांनी त्याला मंदबुद्धी ठरवलं, आई नॅन्सी भडकली आणि तिने त्याला शाळेतून काढून घरीच शिकवलं. आईने शाळेची चिठ्ठी खोटी वाचून दाखवली आणि तिच्या मृत्यूनंतर ती चिठ्ठी त्याला कपाटात सापडली, हा जो दुसरा फॉरवर्ड आहे तो मात्र नंतर रचलेला आहे. मास्तर काय म्हणाले हे एडिसनला लहानपणीच माहीत होतं.

बाराव्या वर्षी तो रेल्वेत फेरीवाला झाला. पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या गाडीत पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकायची, दिवसभर डेट्रॉइटमध्ये वाचनालयात बसायचं आणि रात्री परत. सेंट्रल रेल्वेच्या डब्यात चिक्की आणि कानातली विकणाऱ्यांना रोज बघणाऱ्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की या पोराने सामानाच्या डब्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती. एक दिवस फॉस्फरस पडून डबा पेटला आणि प्रयोगशाळेसकट त्याला खाली उतरवण्यात आलं. याच वयात त्याला ऐकू कमी यायला लागलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

१८६२ मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळांवरून, येणाऱ्या डब्यासमोरून ओढून वाचवलं. बापाने उपकार फेडायला त्याला तारेचं काम शिकवलं. आणि इथे बॅटरी त्याच्या आयुष्यात आली.

तेव्हा घरात, कचेरीत कुठेही विजेचा प्लग नव्हता. वीज पुरवणारी कंपनीच नव्हती. तार चालायची ती काचेच्या बरण्यांत भरलेल्या रसायनांवर. जस्ताची पट्टी हळूहळू विरघळायची, तितकी वीज मिळायची, आणि पट्टी संपली की बरणी साफ करून नवी पट्टी टाकायची. तार ऑपरेटरच्या पोराला हे सगळं हाताने करावं लागे. त्यामुळे बॅटरी ही झिजणारी, मरणारी वस्तू आहे हे एडिसनला पुस्तकातून कळलं नाही, ते त्याच्या बोटांना माहीत होतं. लुईव्हिल शहरात रात्रपाळी करताना तो फावल्या वेळात शिसं आणि ॲसिडच्या बॅटरीवर प्रयोग करत होता. एका रात्री ॲसिड सांडलं, फळ्यांच्या फटीतून खालच्या मजल्यावर गेलं आणि नेमकं साहेबाच्या टेबलावर ठिबकलं. नोकरी गेली.

पुढची पंधरा वर्षं सगळ्यांना शाळेच्या पुस्तकामुळे माहीत आहेत, म्हणून पटकन पुढे जाऊ. १८६९ मध्ये पहिलं पेटंट, १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये बल्ब, १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र. यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १८८३ च्या सुमारास एडिसनचं चार्ज होणाऱ्या बॅटरीबद्दलचं मत फार वाईट होतं. हा गुंतवणूकदारांना गंडवायचा धंदा आहे, असं तो उघड सांगत फिरायचा. त्या काळी चार्जेबल बॅटरीच्या नावाने कंपन्या निघत, शेअर विकले जात आणि वर्षभरात बॅटऱ्या बसत. त्यामुळे त्याचं मत अगदीच चुकीचं होतं असं म्हणता येत नाही.

मग त्याचे वाईट दिवस आले. वीज कशी पाठवायची या भांडणात त्याचा डीसी करंट हरला आणि वेस्टिंगहाऊस-टेस्ला यांचा एसी जिंकला. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली, नावातलं एडिसन गेलं. ते पैसे त्याने न्यू जर्सीतल्या डोंगरात खडक फोडून चुंबकाने लोखंड वेगळं काढायच्या कारखान्यात घातले. तेवढ्यात दुसरीकडे स्वस्त, चांगल्या प्रतीचं लोखंड सापडलं आणि कारखाना बुडाला. पन्नाशी उलटली होती, बल्बला वीस वर्षं झाली होती, आणि खिशातलं बरंचसं खडकात गेलं होतं. अशा वेळी त्याने नव्याने हातात घेतली ती ज्याला त्याने शिव्या दिल्या होत्या तीच वस्तू.

कारण रस्त्यावर दिसत होतं. १९०० साली अमेरिकेत साधारण ४,२०० मोटारी बनल्या. त्यात वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६. म्हणजे ईव्ही ही आत्ताची फॅशन नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी ती पेट्रोलच्या पुढे होती. ती आवाज करत नव्हती, धूर सोडत नव्हती, हँडल मारून सुरू करावी लागत नव्हती. अडचण एकच, बॅटरी.

ती बॅटरी कशी होती हे कल्याण-डोंबिवलीतल्या तिशीच्या पुढच्या माणसाला नीट माहीत आहे. साधारण २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. पलंगाखाली नाहीतर गॅलरीत एक जड काळी पेटी, तिच्यात अधूनमधून बॅटरीचं पाणी घालायचं, झाकणाजवळ पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी साचायचं, आणि तीन-चार वर्षांत पंखा अर्ध्या तासात बंद पडायला लागायचा. शिसं आणि गंधकाम्लाची तीच बॅटरी १९०० च्या गाड्यांत होती. फक्त त्या काळी ती आणखी जड आणि आणखी लवकर मरणारी होती.

आता बॅटरी मरते म्हणजे काय, ते इथेच समजून घेतलेलं बरं. चार्जेबल बॅटरीत दोन टोकं असतात आणि मध्ये रसायन. वापरताना एक प्रक्रिया एका दिशेने होते, चार्जिंगला लावल्यावर तीच उलटी होते. कागदावर हे कितीही वेळा करता येतं. पण प्रत्यक्षात मुख्य प्रक्रियेबरोबर काही छोट्या, नको असलेल्या प्रक्रिया चालू असतात, आणि त्या उलट्या होत नाहीत. शिशाच्या बॅटरीत प्लेटवर कडक थर जमतो, प्लेटचा भुगा तळाला पडतो. प्रत्येक फेरीत थोडंसं सामान कामातून कायमचं जातं. एका दिवसात कळत नाही, पाचशे दिवसांत कळतं.

फोनच्या लिथियम-आयन बॅटरीतही हेच होतं, सामान फक्त वेगळं. तिच्यात लिथियमचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात. एका टोकाला ग्रॅफाइट असतं, त्याच्यावर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ साय धरते. ही साय हवीच, ती नसेल तर बॅटरी टिकणार नाही. पण दिवस जातात तशी ती जाड होत जाते आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम तिच्यात अडकून बसतं. अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. बॅटरी हेल्थ ७८ म्हणजे नवी असताना जितकी वीज मावायची त्याच्या ७८ टक्केच आता मावते. स्क्रीनवर १०० दिसतात ते या ७८ चे शंभर असतात.

एडिसनने १९०० च्या आसपास या छोट्या नको असलेल्या प्रक्रियांशीच भांडण काढलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. जे ॲसिड धातू खातं, त्यात धातू बुडवून ठेवायचा हा मूळचाच मूर्खपणा आहे. ॲसिड सोडून अल्कली घ्यायची, म्हणजे पोटॅशचं क्षारीय द्रावण, ज्यात पोलाद गंजत नाही. मग त्यात चालेल अशी दोन सामानं शोधायची. तांबं, कोबाल्ट, कॅडमियम आणि आणखी किती तरी पदार्थ त्याच्या माणसांनी एकामागून एक घालून पाहिले. शेवटी एका बाजूला निकेल आणि दुसऱ्या बाजूला लोखंड ठरलं. १९०१ मध्ये एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी निघाली.

इथे एक नाव घ्यायलाच हवं. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा माणूस त्याच वेळी निकेल-कॅडमियम आणि निकेल-लोखंड अशा दोन्ही बॅटऱ्यांवर काम करत होता. दोघांत पेटंटवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. एडिसनकडे पैसा होता, वकील होते, नाव होतं. युंगनर कोर्टकचेरीत पिळून निघाला. विसाव्या शतकातल्या कॉर्डलेस फोनपासून सुरुवातीच्या मोबाइलपर्यंत ज्या निकेल-कॅडमियम सेलवर चालल्या तो सेल मुळात युंगनरचा, पण त्याचं नाव घेऊन कोणी स्टेटस ठेवत नाही.

१९०३ मध्ये एडिसनची बॅटरी बाजारात आली. ई टाइप हे तिचं नाव. पेपरवाल्यांना तो गेली दोन वर्षं सांगत होता की गाडीचा प्रश्न सुटला, ही बॅटरी गाडीपेक्षा जास्त टिकेल. हवा जोरात होती, मागणी जोरात होती. वर्षभर सगळं बरं गेलं. मग तक्रारी यायला लागल्या. काही डब्यांचे डाग दिलेले सांधे गळत होते. त्याहून वाईट म्हणजे, काही बॅटऱ्या काहीच बिघाड दिसत नसताना हळूहळू कमी वीज धरू लागल्या होत्या. आजच्या भाषेत बोलायचं तर हेल्थ उतरत होती.

बॅटऱ्या चालू होत्या, बंद पडल्या नव्हत्या. गिऱ्हाइकांपैकी बरेचजण समाधानीच होते. कारखाना चालू ठेवून हळूहळू सुधारणा करता आली असती. एडिसनने १९०४ च्या अखेरीस उत्पादन थांबवलं आणि खराब निघालेल्या बॅटऱ्या परत घेतल्या. स्वतःच्या पैशाने उभा केलेला कारखाना जवळजवळ रिकामा ठेवून तो पुन्हा प्रयोगशाळेत गेला. एडिसन हा काही संत नव्हता. टेस्लाशी, युंगनरशी, एसी करंटवाल्यांशी तो कसा वागला ते जगजाहीर आहे. पण या एका निर्णयात तो बऱ्याच आजच्या कंपन्यांपेक्षा सरळ वागला.

२०१७ ची गोष्ट घ्या. बॅटरी जुनी झाली की तिच्यात नुसती वीज कमी मावते असं नाही, तिचा आतला विरोधही वाढतो. म्हणजे फोनने एकदम जास्त वीज मागितली, कॅमेरा उघडला, मॅप लावला, की बॅटरीचा दाब खाली बसतो आणि वीस टक्के दाखवणारा फोन धाडकन बंद होतो. असं होऊ नये म्हणून ॲपलने सॉफ्टवेअरमधून जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी केला, पण वापरणाऱ्यांना ते नीट सांगितलं नाही. लोकांना वाटलं फोन जुना झाला, नवा घ्यावा. लोकांनी चाचण्या घेऊन हे उघड केल्यावर ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये माफी मागितली आणि वॉरंटीबाहेरच्या बॅटरी बदलण्याचा दर बराच कमी केला. बॅटरी हेल्थचा जो आकडा आज दुकानदार दाखवतो, तो आयफोनमध्ये आला तो या गोंधळानंतर, २०१८ मध्ये.

परत १९०५ कडे. बिघाड कुठे होता ते शोधायला एडिसनला वर्षं लागली. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्याने त्यात ग्रॅफाइटचे कण मिसळले होते. प्रत्येक चार्जिंगला निकेलचं संयुग थोडं फुगायचं, आकसायचं, आणि ग्रॅफाइट खराब होत जायचं. कणाकणांमधला संपर्क तुटला की तेवढं निकेल निरुपयोगी. त्याने ग्रॅफाइट काढून टाकलं आणि त्या जागी निकेलचे इतके पातळ पापुद्रे बनवले की फुंकर मारली तर उडावेत. पेन्सिलीएवढ्या पोलादी नळीत निकेलच्या संयुगाचा एक थर, पापुद्र्यांचा एक थर, असे शेकडो थर ठासून भरायचे. हे पापुद्रे बनवायची यंत्रंही स्वतःच तयार करावी लागली. सेल सतत उचलून आपटणारं यंत्र बनवलं, बॅटऱ्या गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवर पळवल्या. न्यू जर्सीचे तेव्हाचे रस्ते पाहता, कल्याण-शिळ रोडच्या पावसाळ्यातल्या अवस्थेत गाडी चालवणाऱ्याला ही चाचणी पटेल.

आणि मग एक गंमत. अल्कलीच्या द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड टाकलं की बॅटरी जास्त वीज धरते आणि जास्त टिकते, हे त्याला सापडलं. का, हे त्या वेळी कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणजे फोनच्या बॅटरीशी ज्या धातूचं नाव आज जोडलेलं आहे, तो बॅटरीचं आयुष्य वाढवायला एडिसनने १९०८ च्या सुमारासच वापरला होता. फरक इतकाच की त्याच्याकडे लिथियम मदतनीस होता. मुख्य काम लिथियमकडे यायला १९८० साल उजाडावं लागलं, जॉन गुडइनफ यांच्या कोबाल्ट ऑक्साइडमुळे, आणि बाजारात यायला १९९१, सोनीमुळे.

१९०९ मध्ये एडिसनची नवी ए टाइप बॅटरी आली. या वेळी ती खरंच टिकली. ओव्हरचार्ज करा, पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवा, आपटा, तिला फारसं काही होत नसे. योग्य पाणी घालत राहिलं तर वीस-तीस वर्षं चालायची. ज्यासाठी दहा वर्षं घातली ते हातात आलं होतं.

पण तोवर बाजार निघून गेला होता. १९०८ मध्ये त्याचाच चाहता आणि मित्र हेन्री फोर्ड याने मॉडेल टी काढली, स्वस्त आणि पेट्रोलवरची. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत इलेक्ट्रिक स्टार्टर आला, आणि पेट्रोल गाडीला हँडल मारायची कटकट गेली. तो स्टार्टर चालायचा शिशाच्या बॅटरीवर. म्हणजे एडिसन ज्या बॅटरीला संपवायला निघाला होता, त्याच बॅटरीने इलेक्ट्रिक गाडी संपवली. फोर्ड आणि एडिसन यांनी १९१४ मध्ये स्वस्त इलेक्ट्रिक गाडी काढायचा घाट घातला, पण ती कधी विकायला आली नाही.

बॅटरी मात्र बुडाली नाही. मालवाहू गाड्या, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, डब्यांतले दिवे, जिथे जिथे वजनापेक्षा टिकणं महत्त्वाचं होतं तिथे ती गेली. उतारवयात एडिसनला चांगले पैसे देणाऱ्या उत्पादनांत ती होती. अपघातही झाला. जानेवारी १९१६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ई-२ पाणबुडीत त्याच्या बॅटऱ्या तपासल्या जात असताना, त्यांतून निघालेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसं मेली. ॲसिडच्या बॅटरीतून निघणारा क्लोरिनचा धोका टाळायला ज्या बॅटऱ्या घेतल्या होत्या, त्यांनीच हा दुसरा धोका आणला.

१९१६ मध्येच मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे लंडनहून न्यूयॉर्कला राहायला गेले. छापखान्याचे टाइप पाडणाऱ्या यंत्रांमुळे त्यांना लोक हिंदुस्थानचा एडिसन म्हणायचे. १९३० मध्ये दोघांची भेट झाली. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचा होता आणि रस्त्याकडेच्या पिवळ्या फुलांच्या झुडपातून रबर काढायच्या मागे लागला होता. १८ ऑक्टोबर १९३१ ला तो गेला. त्या सुमारास ठाकुर्लीच्या चोळा पॉवरहाऊसमधली वीज घेऊन कल्याणच्या पुढे घाटात रेल्वेची इंजिनं धावायला लागली होती.

आता दुकानदारासमोर बसलेल्या माणसाचा प्रश्न. एवढी टिकणारी बॅटरी शंभर वर्षांपूर्वी बनली, तर ती फोनमध्ये का नाही?

हिशेब सोपा आहे. ५,००० एमएएचच्या फोन बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. लिथियम-आयनमध्ये तेवढ्यासाठी सत्तर-ऐंशी ग्रॅम वजन पुरतं. एडिसनच्या बॅटरीत एका किलोत पंचवीसच्या आसपास वॅट-तास मावतात, म्हणजे नुसती बॅटरीच पाऊण किलोची. शिवाय ती नुसती पडून राहिली तरी महिन्याभरात बरीच वीज गळून जाते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि अधूनमधून पाणी मागते. ती शर्टाच्या खिशात घालून कोणी डोंबिवली लोकल पकडणार नाही. फोन बनवणाऱ्यांनी हलकं आणि पातळ निवडलं, टिकणं मागे ठेवलं. गिऱ्हाइकांनीही दुकानात तेच निवडलं.

मात्र मागे ठेवायचं किती, हे कंपनीच्या हातात असतं. ॲपलच्या आकड्यांनुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के राहतील अशा बनवल्या होत्या, आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० फेऱ्यांचा झाला. फेरी म्हणजे एकदा प्लग लावणं नव्हे. आज पन्नास टक्के वापरली, उद्या पन्नास, मिळून एक फेरी. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी कायद्याप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः बदलता आल्या पाहिजेत, काही अपवाद सोडून. भारतात असं बंधन अजून नाही.

वापरणाऱ्याच्या हातात काय आहे तर मुख्यतः उष्णता. ती साय उन्हाळ्यात भराभर जाड होते, आणि कल्याण-डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बाइकच्या हँडलवर भर उन्हात मॅप लावून चार्जिंगला लावलेला फोन, हे बॅटरीसाठी सगळ्यात वाईट. उशीखाली ठेवून चार्ज करणं त्याच्या खालोखाल. दुसरी गोष्ट, शंभर टक्क्यांवर तासन्‌तास बसणं. रात्रभर प्लग लावल्याने फोन फुटत नाही, शंभर झाल्यावर तो वीज घेणं थांबवतो. पण भरलेल्या बॅटरीत नको असलेल्या प्रक्रिया जास्त होतात. म्हणून नव्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची किंवा उठायच्या वेळेपर्यंत लांबवायची सोय असते, ती चालू करावी. पण ज्याला सकाळी सव्वासातची पकडून रात्री नऊला परतायचंय, त्याने ऐंशीवर निघून दिवसभर चार्जर शोधत फिरण्यात अर्थ नाही. बॅटरी माणसासाठी आहे. नवा फोन आणल्यावर आठ तास चार्जिंगला लावायचा, किंवा रोज पूर्ण उतरवून मगच लावायचा, हे सल्ले निकेल-कॅडमियमच्या जमान्यातले, ते सोडून द्यावेत. उलट शून्यावर नेऊन महिनाभर कपाटात ठेवलेला जुना फोन कायमचा जाऊ शकतो.

फोनची पाठ फुगली, स्क्रीन एका कडेने वर आली, तर मात्र टक्के बघत बसू नये. आत वायू साठलाय. चार्जिंग बंद करायचं, दाबायचं नाही, टोचायचं नाही, थेट दुकानात न्यायचा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, कारण घंटागाडीत दाबली गेली तर ती पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला जुनी बॅटरी द्यायला लाजायचं कारण नाही.

हेल्थ ऐंशीच्या खाली गेली आणि बाकीचा फोन ठणठणीत असेल, तर नव्या फोनच्या किमतीच्या छोट्याशा भागात बॅटरी बदलून मिळते. फक्त स्टेशनबाहेर बसवताना ती मूळ कंपनीची आहे की नकली, याची पावतीवर नोंद मागावी. नकली बॅटरीवर ५,००० लिहिलेलं असतं, पण आत तेवढं असेलच असं नाही.

एडिसनची बॅटरी कंपनी त्याच्यामागे चाळीस वर्षं चालली. १९७२ मध्ये ती एक्साइड या शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली आणि तीन वर्षांत ते उत्पादन बंद केलं. निकेल-लोखंडाचे सेल आजही काही ठिकाणी बनतात. ते घेणारे बहुतेक लोक विजेच्या तारांपासून लांब, सोलर पॅनेलवर राहणारे असतात. त्यांच्या घरात जागा असते, पाणी घालायला वेळ असतो आणि बॅटरी खिशात घालून कुठे जायचं नसतं.